सामाईक भिंत

रविवारी सकाळी विनीत आणि नम्रता मोटरसायकलवरून मिरजोळ्याला घर बघायला निघाली, तेव्हा एकाच गाडीवर बसून दोघं दोन वेगळ्या घरांकडे चालली होती. विनीतला स्वतंत्र घर हवं होतं, नम्रताला रो-हाऊस. भांडण झालं नव्हतं. लांज्यापासून हातखंब्यापर्यंत दोघंही गप्प होती, एवढंच. नवरा-बायको मोटरसायकलवर गप्प असली की त्यात राग किती आणि वारा किती, हे बाहेरच्याला कळत नाही.

घर घेणं मात्र भाग होतं. विनीत मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीत इलेक्ट्रिशियन होता, नम्रता रत्नागिरीत एका लॅबमध्ये रक्ताचे नमुने घ्यायची, आणि बिऱ्हाड कुठे, तर लांज्याच्या पलीकडे आत गावात. रोज अंधारात उठायचं, एसटीच्या मागे धावायचं, हायवेच्या खणाखणीत हाडं खिळखिळी करून घ्यायची आणि दिवेलागणीला लाल धुळीने माखून परत यायचं. लग्न झाल्यापासून दोघांचं अर्धं आयुष्य असं रस्त्यावर चाललं होतं.

निलेश नावाच्या एजंटाने आधी स्वतंत्र घर दाखवलं. वसाहतीच्या मागे उघडा कातळ, त्यावर चिऱ्याचं छोटंसं घर, भोवती दगडांचा गडगा, कोपऱ्यात आंब्याच्या कलमाचं रोप. घर खरंच देखणं होतं. पण जवळचं दुसरं घर कुठे, तर पार उताराखाली, नारळांच्या शेंड्यांआड.

"चारी भिंती तुमच्या एकट्याच्या," निलेश म्हणाला. "कितीही मोठ्याने भांडा, कुणाला ऐकू जायचं नाही."

तो आपला गमतीने बोलला. नम्रताला मात्र ती गंमत वाटली नाही, आणि त्याला कारण होतं.

तिची सासू चिमाबाई तिच्याशी बोलत नसे. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत नम्रताने एक पणती घराशेजारच्या रिकाम्या जोत्यावर नेऊन ठेवली होती. घराला अगदी चिकटून होतं ते जोतं, वर भिंत नाही, छप्पर नाही, नुसतं रान माजलेलं. तिथे अंधार दिसला म्हणून तिने पणती ठेवली. चिमाबाई बाहेर आल्या, त्यांनी ती पणती पायाने उडवली आणि त्या घटकेपासून सुनेशी बोलणं बंद केलं. का, ते सांगितलं नाही. विनीतला विचारावं तर तो म्हणे, "जाऊ दे गं, आईचा स्वभावच तसा."

बंद म्हणजे अगदी बंद. समोर सून बसलेली असताना त्या मांजरीला म्हणायच्या, "मांजरे, तिला सांग, भात लाव." तुळशीला म्हणायच्या, "तिला सांग, उद्या माझा उपास हाय." सुरुवातीला नम्रताला हसू यायचं. मग रडू यायला लागलं, मग तेही आटलं. देवरूखला भरल्या घरात, सहा तोंडांच्या कलकलाटात वाढलेली मुलगी ती. एकाच चुलीपाशी बसलेलं माणूस आपल्याला नावाने हाक मारत नाही, हे काय असतं, ते ज्याने भोगलं त्यालाच कळतं. नम्रताला सासूचा राग येत होता असं म्हणणं फार सौम्य होईल. तिला सासूचा सूड घ्यायचा होता. फक्त कसा, ते तिला माहीत नव्हतं.

रो-हाऊस नाक्याजवळ होतं. एका ओळीत चार घरं, त्यातलं टोकाचं यांचं. खाली हॉल आणि स्वयंपाकघर, वर दोन खोल्या. निलेशने हॉलच्या आतल्या भिंतीवर बोटांनी टकटक केलं.

"ही सामाईक भिंत. हिच्या पलीकडे शेजारी."

नम्रताने त्या भिंतीला हात लावला. भिंत गार होती. हिच्या पलीकडे कुणीतरी भांडी घासेल, कुणीतरी मुलांवर ओरडेल, कुणीतरी विचारेल, काय गो, जेवलीस काय? तिला एकदम भरून आलं.

"हेच घ्यायचं," ती म्हणाली.

संध्याकाळी विनीतने आईला दोन्ही घरांचं सांगितलं. चिमाबाई कोळंबी सोलत होत्या. त्यांचे हात थांबले.

"विनीत, भिंतीला भिंत लागलेलं घर घेऊ नको."

"अगं, पण का?"

"नको म्हणते ना! कातळावरचं घे. खोपटं घे, मांगर घे, पण चारी बाजूंनी उघडं घे. भिंतीपलीकडं घर असेल तिथं मी पाय ठेवायची नाय… तिला सांग."

म्हातारीचा चेहरा पांढराफटक पडला होता. नम्रताने तो नीट पाहून घेतला. आयुष्यात पहिल्यांदा सासू कशाला तरी भ्यालेली दिसत होती, आणि खोटं कशाला सांगा, तिला फार बरं वाटलं. त्या रात्री तिने विनीतला बजावलं, "त्या कातळावर आईंच्या गप्प बसण्याबरोबर मला कोंडलंत, तर मी देवरूखला जाईन ती परत यायची नाही." विनीतने बायकोचं ऐकलं. रो-हाऊस घेतलं. चिमाबाई म्हणाल्याप्रमाणे गावातच राहिल्या.

आता गंमत बघा. ज्या शेजारासाठी एवढा आटापिटा केला, तो शेजार म्हणजे निघालं एक कुलूप. पलीकडचं घर मुंबईच्या एका चाकरमान्याने घेऊन ठेवलं होतं. तो मे महिन्यात आला तर येणार. पुढच्या दोन घरांतली माणसं सकाळी दारं ओढून कामावर जात ती अंधार पडल्यावर उगवत. नम्रताची लॅब दुपारी सुटे. घरी येऊन ती जेवायची आणि त्या गार भिंतीला पाठ लावून बसायची. बाहेर ऊन कातळ भाजत असायचं. वसाहतीतली यंत्रं घुमत असायची. बाकी माणसाचा शब्द नाही.

आणि एका दुपारी भिंतीपलीकडून आवाज आला. खसर्… खसर्… खसर्…

कुणीतरी विळीवर नारळ खवत होतं. नम्रता कान देऊन बसली. मागोमाग वास आला, ओल्या लाकडांच्या धुराचा आणि शिजणाऱ्या कुळथाच्या पिठीचा. तिच्या मनात आलं, चला, माणसं आली एकदाची. चूल कशाला पेटवली असेल? गॅस यायचा असेल अजून.

"कोण आहे?" तिने हसून विचारलं.

खवणं थांबलं.

"मी हाय गो बाय," पलीकडून बाईचा आवाज आला. वयस्क, बसका, पण मायेचा. "तू नवी काय? नाव काय तुझं?"

"नम्रता."

"नम्रता…" त्या बाईने नाव सावकाश घोळवून म्हटलं. "गोड हाय. जेवलीस काय?"

एवढ्या दोन शब्दांसाठी नम्रता केवढी आसुसली होती! ती भिंतीला गाल लावून बसली आणि बोलत सुटली. लॅबमधल्या गोष्टी, एसटीतल्या गोष्टी, सासूच्या गोष्टी. सासूचं नाव निघालं की पलीकडची बाई गप्प ऐके. मध्येच फक्त विचारी, "मग? मग काय म्हणाली ती?" रोज दुपारी असं चालू झालं. नाव विचारलं तेव्हा बाईने 'मैना' एवढंच सांगितलं. पुढच्या दाराला कुलूप दिसायचं खरं, पण नम्रताने स्वतःची समजूत घातली की बाई मागल्या दाराने येत-जात असेल. माणसाला जे हवं असतं त्याला तो कारणं फार पटकन शोधतो. एकदा तिने म्हटलं, "काकी, या ना इकडे चहाला." त्यावर उत्तर आलं, "येईन गो. आता बोलावलंस ना. बोलावल्याबिगर कशी आले असते? मी भिंतीपलीकडची."

एका संध्याकाळी जेवताना नम्रता सहज बोलून गेली, "शेजारच्या मैनाकाकी आज विचारत होत्या…"

विनीतचा घास हातातच राहिला.

"कोण मैनाकाकी?"

"या पलीकडच्या. बसका आवाज आहे बघा. दुपारी नारळ खवत असतात."

विनीत ताटावरून उठला. हात न धुताच तो मागच्या पडवीत गेला आणि बराच वेळ अंधारात उभा राहिला. परत आला तेव्हा त्याचा आवाज बदलला होता.

"ते जोतं आहे ना आपल्या गावच्या घराला लागून… तिथे माझी चुलती राहायची. रावजीकाकांची बायको, मैना. काका मुंबईत वारले, ती गावी आली आणि वाटा मागितला. मग बाबांनी घराच्या मधोमध भिंत घातली. विहीर आमच्या बाजूला आली. आईने तिला पाणी भरू दिलं नाही. बोलणंही बंद केलं."

नम्रताने ताट बाजूला सारलं.

"ती आजारी पडली. मी शाळेत होतो, मला आठवतंय. भिंतीवर थाप मारून हाक मारायची… चिमा, ए चिमा… मी आईला म्हटलं, काकी हाक मारतेय. आई म्हणाली, तिन्हीसांजेच्या हाकेला ओ द्यायची नसते. माणूस नसतं ते. मग आईने मुसळ घेतलं आणि उखळापाशी कांडत बसली. ती हाक थांबेपर्यंत कांडत होती. नम्रता, उखळ रिकामं होतं."

"आणि मग?"

"मग वास आला."

तिन्हीसांजेला कुणी हाक मारली तर लगेच ओ देऊ नये, हे कोकणात कुणालाही विचारा, सांगेल. नम्रतालाही तिच्या आजीने तेच शिकवलं होतं. माणसांना वाचवण्यासाठी केलेली रीत ही. चिमाबाईंनी त्याच रीतीआड बसून एका जित्या बाईला मारलं होतं.

"ती गेल्यावरही हाक थांबली नाही," विनीत म्हणाला. "शेवटी बाबांनी तिचा भाग पाडून टाकला. पलीकडे घरच नाही म्हटल्यावर सगळं गप्प झालं. तिला भिंतीपलीकडे घर लागतं. म्हणून आई म्हणत होती, उघडं घर घे." त्याने डोळे मिटले. "आपण हे विकू. मिळेल त्या भावात विकू."

दुसऱ्या दिवशी लॅबमधून आल्यावर नम्रता पलीकडच्या घराच्या मागे गेली. मागलं दार बसवलेलंच नव्हतं. चौकटीच्या जागी विटा रचून सिमेंट थापलेलं होतं, आणि ते सिमेंट जुनं होतं.

कुणीही शहाणी बाई तिथूनच रस्त्याला लागली असती. नम्रता घरात आली, भिंतीपाशी बसली आणि हळूच म्हणाली, "काकी… मला कळलं सगळं."

मग अगदी भिंतीला तोंड लावून बोलावं तसा आवाज आला.

"भ्यालीस?"

"नाही," नम्रता म्हणाली. आणि ते जवळजवळ खरं होतं. तिच्या भीतीहून तिचा राग मोठा होता. "तुम्हाला काय हवंय, काकी?"

"चिमाला आण… एकदा मला ओ देऊ दे तिला. मग माझं काय मागणं नाय."

नम्रताने होही म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. पण विनीत घर विकायचं काढी तेव्हा ती आता काहीबाही खुसपट काढू लागली. कातळावरचं घर तर कधीच दुसऱ्याने घेतलं होतं.

आणि वैशाखात चिमाबाई अंगणात पडल्या. पायाचं हाड मोडलं. रत्नागिरीच्या दवाखान्यात मांडीपर्यंत प्लास्टर घातलं आणि डॉक्टरांनी सांगितलं, पाऊल जमिनीला टेकवायचं नाही. बाबांच्या मागे गावात त्यांचं करायला होतं कोण? विनीतचा नाइलाज झाला. त्याने चाकांची दवाखान्याची खाट भाड्याने आणली आणि हॉलमध्ये खिडकीकडच्या बाजूला, त्या भिंतीपासून जितकी लांब जाईल तितकी लांब लावली. आईला उचलून तीवर ठेवलं. नम्रताला बाजूला नेऊन म्हणाला, "थोडेच दिवस. मी दुसरी सोय बघतो. तू खाट इथून हलवू नको." आणि दुपारच्या पाळीला निघून गेला.

त्याच्या गाडीचा आवाज विरला. नम्रताने खाटेच्या चाकांचे खटके काढले. चाकं गुळगुळीत फिरली. तिने खाट ढकलत नेली आणि सामाईक भिंतीला टेकवली.

"तिकडे ऊन येतं," ती म्हणाली.

चिमाबाईंचा श्वास वर गेला. त्यांचे डोळे भिंतीवर खिळले. भिंत त्यांच्या कोपराला लागत होती.

"नको असेल तर सांगा, आई. मी लगेच हलवते." नम्रता त्यांच्या तोंडाशी वाकली. ती मनापासून बोलत होती. "मला सांगा. नम्रता, खाट हलव. एवढंच."

सासूचे ओठ हलले. थरथरले. मग त्यांनी मान फिरवून छताकडे पाहिलं.

"पंख्या…" त्या चिरक्या आवाजात म्हणाल्या, "तिला सांग… खाट हलव."

काय म्हणावं या बाईला! मरण कोपराला टेकलं तरी ताठा सुटेना.

"पंखा माझ्याशी बोलत नाही," नम्रता म्हणाली आणि स्वयंपाकघरात निघून गेली.

तिने चहा ठेवला. उन्हं उतरू लागली होती. घरात ओल्या धुराचा वास सुटला, इतका दाट की डोळ्यांना पाणी यावं. मग थाप ऐकू आली. घाईची नाही, रागाची नाही. आजारी माणसाची असते तशी, सुटी सुटी.

"चिमा…"

खाट करकरली.

"ए चिमा… घोटभर पाणी दे गो…"

"नम्…" हॉलमधून सासूचा आवाज आला आणि तुटला. नम्रता ओट्याची कड धरून उभी राहिली. तिला वाटलं, पुरं नाव घेऊ दे, मी धावत जाते. तिने वाट पाहिली. नाव पुरं झालं नाही.

"चिमा…"

मग शांत, थकलेल्या स्वरात, इतक्या वर्षांनी, चिमाबाईंनी उत्तर दिलं.

"ओ."

आणि सगळं थांबलं. थाप थांबली, वास गेला. चहा उतू गेल्याचा काय तो आवाज झाला.

नम्रता बाहेर आली तेव्हा खाट रिकामी होती. उशीवर डोक्याचा खळगा तसाच होता. चादरीवर प्लास्टर पडलं होतं, टाचेपासून मांडीपर्यंत अख्खं, कुठे चीर नाही, कुठे कापलेलं नाही. आत पाय नव्हता. पुढच्या दाराला आतून कडी होती.

पोलीस आले. विहिरी बघितल्या, कातळावरच्या चिरेखाणी बघितल्या. मुंबईच्या मालकाने माणूस पाठवून शेजारचं कुलूप उघडून दिलं, आत धूळ आणि सिमेंटच्या रिकाम्या गोण्या. डॉक्टर ते प्लास्टर हातात फिरवून फिरवून बघत राहिले आणि म्हणाले, हे असं निघत नाही. विनीत पार खचला. त्याने नम्रताला एकदाच विचारलं, "खाट कुणी हलवली?" ती म्हणाली, "आईच म्हणाल्या, ऊन लागतंय." हे खोटं तिने सरळ त्याच्या डोळ्यांत बघून सांगितलं.

पुढच्याच आठवड्यात, दुपारी, भिंतीपलीकडून हाक आली.

"नम्रता…"

तो मैनाकाकीचा आवाज नव्हता.

"ए नम्रता… बाय… ऐक गो…"

सासू तिला नावाने हाक मारत होती. इतकी वर्षं ज्या नावाचा विटाळ मानला, ते नाव घेऊन घेऊन तिचा घसा बसत होता. नम्रताच्या अंगावर काटा आला, आणि त्या काट्याखालून सुख वर आलं. तिने टीव्ही लावला. आवाज वाढवला. दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. ओ द्यायची नाही, एवढं तिने पक्कं ठरवलं. हाक पुरती ऐकायचीसुद्धा नाही. तिला कळायला हवं. तिला चांगलं कळायला हवं.

विनीतला काही ऐकू येत नसे. उलट तो हळूहळू सावरत चालला होता. एकदा म्हणाला, "काल दुपारी फोनवर तू बोललीस त्याने फार धीर आला." नम्रताने काल त्याला फोन केला नव्हता. तिला वाटलं, बिचाऱ्याचं डोकं ठिकाणावर नाही. मग एकदा तो म्हणाला, "वरून हाक मारली की लगेच ओ देतेस हल्ली. पूर्वी दहादा ओरडावं लागायचं." त्यावर ती हसली. मैनाकाकी मात्र परत कधी बोलली नाही. नारळ खवल्याचा आवाज नाही, पिठीचा वास नाही. सूड फिटला, सुटली बिचारी, असं नम्रताने धरून टाकलं.

ज्येष्ठात एक दिवस दुपारपासून वीज गेली. वसाहतीतली यंत्रंही बंद पडली. टीव्ही नाही, पंखा नाही. आभाळ दाटून उजेड पिवळट झाला होता, आणि दिवेलागणीच्या सुमाराला घर इतकं नि:शब्द झालं की नम्रताला स्वतःच्या बांगडीचा आवाज मोठा वाटला. ती भिंतीपासून लांब, जिन्याच्या पायरीवर बसली होती. तरी हाक आली, आणि आज ती पुरती ऐकू आली.

"नम्रता… ऐकतेस काय गो… मला सोडव म्हणून हाक मारत नाय मी… मी केलं ते मी भोगते…"

नम्रता उठून उभी राहिली.

"इतके दिस ओरडते… तू ऐकत नाय… अगो, मी हिकडं एकटी हाय… एकटीच हाय… ती हिकडं नाय…"

"मग?" नम्रताच्या तोंडून गेलं.

"तू म्हणालीस ना तिला, या इकडं चहाला… ती आलीय गो…"

बाहेर विनीतची मोटरसायकल येऊन थांबली. पुढचं फाटक वाजलं. नम्रताने दाराकडे पाऊल टाकायचा प्रयत्न केला. पाय जागचा उचलेना, उजवा पाय मांडीपर्यंत जड, पांढऱ्या प्लास्टरमध्ये थिजल्यासारखा.

"पळ गो पोरी…" भिंतीपलीकडून सासू कळवळून म्हणाली. "नम्रता, बाय माझी, पळ…"

विनीतने चावीने दार उघडलं. पायातल्या चपला काढता काढता रोजच्यासारखी हाक मारली, "नम्रता!"

ती त्याच्यासमोरच उभी होती. दोन हातांच्या अंतरावर. तिने तोंड उघडलं.

तिचा शब्द फुटायच्या आधी स्वयंपाकघरातून, तिच्याच आवाजात, कुणीतरी गोड उत्तर दिलं.

"ओ… आले हां."

विनीत, ती तिथे नसल्यासारखा, तिच्या अंगावरून पुढे गेला. स्वयंपाकघराच्या दारात थांबून तो काहीतरी म्हणाला आणि बऱ्याच दिवसांनी मोकळा हसला.